बाळ जिथे तोंड लावतं

गेल्या माघात शेजारची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा सरत आलेला, हातात गच्च भरलेली कापडी पिशवी. "काकू, हे सगळं सासरहून दिलंय. कोणतं कधी लावायचं ते सांगा ना." पिशवी माझ्या ओट्यावर उपडी केली तर अर्धं सियागंज, म्हणजे इंदूरचा किराणा बाजार, बाहेर पडलं. हळकुंडं, मुलतानी माती, चारोळी, चंदनाचं खोड, बदामाचं तेल, सरसोंचं तेल, साजूक तुपाची डबी, मधाची बाटली, कापराच्या वड्या, मेंदीचे कोन आणि तळाशी "चेहरा उजळवणारी" एक ट्यूब. आत्या, मामी, आजेसासूबाई, प्रत्येकीने आपल्या बाळंतपणातलं अनुभवसिद्ध काहीतरी घातलेलं.

मी इंदूरातल्या एका प्रसूती विभागात अठ्ठावीस वर्षं सिस्टर होते. तिथल्या अनुभवावरून दोनच प्रश्न विचारायला शिकले. बाळ पोटात असेल तर, हे कातडीतून मुरून त्याच्यापर्यंत जाईल का? बाळ बाहेर आल्यावर, हे त्याच्या तोंडात गेलं तर चालेल का? पिशवीतली निम्मी दुकानदारी या दोन प्रश्नांतच निकालात निघते. "नैसर्गिक आहे" हे उत्तर नव्हे. धोतराही नैसर्गिकच असतो.

आधी पिशवी निवडा

ओट्यावर तीन ढीग केले.

पहिला ढीग, खुशाल वापरा: खोबरेल, तिळाचं किंवा बदामाचं साधं तेल (अत्तर घातलेलं नाही), मसूर डाळ, बेसन, चारोळी, दुधाची साय, साजूक तूप. बदाम किंवा दाण्यांची ॲलर्जी असेल तर बदाम आणि चारोळी वगळा. कुठलीही नवी गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघायची. गरोदरपणात कातडी जास्त हळवी होते, आधी चाललेल्या गोष्टीचीही कधी आग होते.

दुसरा ढीग, अटींवर. हळद घ्या, पण सुटी पिवळीधमक पूड नको. तिला रंग यावा म्हणून शिशाची भेसळ होते, आणि शिसं गर्भाच्या मेंदूला घातक. ओबडधोबड, कमी चकचकीत हळकुंडं आणून घरी दळा. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा चालेल. हिवाळ्यात ती कातडी आणखी ओढते. ती खायची मात्र नाही. हसू नका, मातीचे डोहाळे लागलेल्या आणि पदराआड मुलतानी मातीचा खडा चघळणाऱ्या कितीतरी बायका मी वॉर्डात पाहिल्या. तो डोहाळा बहुतेकदा अंगात लोह कमी असल्याची खूण असतो. डॉक्टरांना सांगा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. कोरफडीचा गर पोटाला, हातापायांना लावायला ठीक. गरोदरपणात पोटात घ्यायचा नाही, आणि छातीला लावला तर कडू चवीने बाळ तोंड फिरवतं.

मेंदीचं थोडं सांगते, कारण डोहाळजेवणात फुलांच्या दागिन्यांबरोबर ती हवीच असते. पानांची, हिरवट वासाची, रंगायला चार-सहा तास घेणारी मेंदी चालते. तासाभरात काळी पडते तिच्यात केसांच्या कलपातलं रसायन असतं, त्याने हातावर फोड येतात. आणि मेंदी बाळाच्या तळव्यांना लावायची नाही. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या लाल पेशी मेंदीने फुटू शकतात.

तिसरा ढीग, बाद. कापूर, लिंबाचा रस, काळे मेंदीचे कोन, उग्र सुगंधी तेलं आणि ती ट्यूब. मध वाईट नाही, पण त्याचंही या कामात काही काम नाही. त्याची गोष्ट पुढे येईल.

ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचायला मी तिला माझा चष्मा दिला. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. तिन्ही या काळात नकोत. हायड्रोक्विनोन कातडीतून मोठ्या प्रमाणात रक्तात उतरतं. ट्रेटिनॉइन, रेटिनॉल, ॲडापॅलिन ही "अ" जीवनसत्त्वाची मंडळी गरोदरपणात टाळायची, आणि याच घराण्यातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी बाळात व्यंग येऊ शकतं. नाव-पत्ता नसलेल्या गोऱ्या करणाऱ्या क्रीममध्ये पाराही सापडतो. दिवस गेलेत हे कळायच्या आधी असं काही लावलं असेल तर रडत बसू नका. लावणं थांबवा आणि पुढच्या तपासणीला ट्यूबच घेऊन जा.

अंगाला रोज काय

माळव्याच्या रात्री थंड आणि सुरेख, म्हणूनच "शब-ए-मालवा" म्हणतात. पण दिवसाची हवा कोरडी ती कोरडीच. त्यात नर्मदेचा नळ एक दिवसाआड, मधल्या दिवशी बोरिंगचं जड पाणी. त्या पाण्यात साबण फेसत नाही आणि अंगावर पांढरट थर राहतो. पोटाची कातडी ताणली जात असताना हे सगळं मिळून खाज सुटते.

आंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत उरकायची. साबण फक्त काखा, जांघा आणि पाय एवढ्यालाच. बाकी अंगाला मसूर-बेसनाचं पातळ पीठ किंवा नुसतं पाणी पुरे. शक्य तर शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या. टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या, आणि अंग ओलसर असतानाच तेल लावा. दोन-तीन चमचे तेल सगळ्या अंगाला पुरतं. हा क्रम महत्त्वाचा, कारण तेल स्वतः ओल देत नाही, असलेली ओल अडवून धरतं. कोरड्या अंगावर तेल चोपडून उपयोग अर्धाही होत नाही. सरसोंचं तेल इकडे फार प्रिय आहे, पण ते झणझणीत आहे. खाजऱ्या कातडीला नको, आणि बाळाच्या अंगाला तर नकोच.

आता ताणाच्या खुणा. अमुक तेलाने त्या येत नाहीत असं जी सांगते तिला त्या येणार नव्हत्याच. आईला आल्या असतील, वजन भराभर वाढलं असेल, वय लहान असेल, तर येण्याची शक्यता जास्त. लावायच्या तेलां-क्रीमांवरचे अभ्यास एकत्र करून २०१२ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या परीक्षणात पाहिलं गेलं; खुणा टाळणारं म्हणून खात्रीने काहीच हाती लागलं नाही. तेल लावा ते खाज थांबते म्हणून, बरं वाटतं म्हणून. महागड्या बाटलीचे पैसे वाचवून शिंगाड्याचं पीठ आणि राजगिरा आणा. खुणा पुढे आपोआप पांढुरक्या, फिक्या होतात.

एका खाजेला मात्र तेल लावून झोपायचं नाही. शेवटच्या तीन महिन्यांत, अंगावर पुरळ नसताना, तळहात आणि तळपाय रात्री वेड लागल्यासारखे खाजू लागले, तर यकृतातून पित्त नीट वाहत नसण्याची शंका घ्यायची. याने बाळाला धोका असतो. सकाळ झाली की डॉक्टरांकडे जा. यकृताची आणि बाइल ॲसिडची रक्ततपासणी करतात. "उष्णता झालीय, सब्जा घे" यावर वेळ घालवू नका.

चेहरा आणि वांग

गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर येणारे तपकिरी डाग म्हणजे वांग. बेंबीपासून खाली जाणारी काळी रेघही त्याच कारणाने येते, संप्रेरकांनी रंगपेशी जाग्या होतात. रेघ बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिकी पडते. वांग चिवट. त्याच्यावर लिंबू चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि डाग दुप्पट गडद होतो. हे मी बढाचढाकर सांगत नाही, पाहिलंय.

खरा उपाय ऊन अडवण्याचा. इंदूरच्या पोरी स्कूटीवर डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत बांधतात ना, तेच उत्तम. जोडीला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर. तर्जनी आणि मधल्या बोटावर काढलेल्या दोन लांब रेघांइतकं चेहऱ्याला आणि गळ्याला लागतं. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. किंचित मातकट रंगाचं मिळालं तर तेच घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडालाही अडवतं, आणि वांग उजेडानेही वाढतो.

चारोळीचं उटणं ही आमच्या आजीची रीत. एक चमचा चारोळी रात्री दुधात भिजवा, सकाळी गंधासारखी बारीक वाटा, चिमूट हळद घाला. दहा मिनिटं ठेवून, सुकून कडक व्हायच्या आत पाण्याने भिजवून सोडवा. रगडून काढायचं नाही. याने वांग जात नाही, चेहरा मऊ होतो, इतकंच. पुटकुळ्या फारच असतील तर ॲझेलाइक ॲसिडसारखी या काळात चालणारी औषधं आहेत, ती डॉक्टरांकडून घ्या. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळतात, ते वर्षभरात सावरतात. त्यासाठी कुठलंही तेल विकत घेऊ नका.

छाती, बाळ येण्याआधी

इथे मला आधी कबुली द्यायची आहे. नोकरीला लागले तेव्हा आम्ही सातव्या महिन्यापासून बायकांना सांगत असू, आंघोळीनंतर बोंडं खरखरीत टॉवेलने घासा, म्हणजे कातडी "तयार" होईल. कित्येकींना मी स्वतः शिकवलं. चुकीचं होतं. घासून कातडी निबर होत नाही, सोलते. उलट शेवटच्या महिन्यांत बोंडं चोळल्याने कळा सुरू होऊ शकतात.

तयारी शरीर आपली आपण करतं. बोंडाभोवतीचा भाग गडद आणि मोठा होतो, त्यावर बारीक पुटकुळ्या उठतात. त्या पुटकुळ्या नव्हेत, तेलाच्या ग्रंथी आहेत. मॉन्टगोमेरी नावाच्या आयरिश डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव. त्यांच्यातून पाझरणारा स्निग्ध पदार्थ कातडी मऊ ठेवतो, आणि त्याच्या वासावर नुकतं जन्मलेलं बाळ छाती शोधतं. म्हणून त्या पिळायच्या नाहीत आणि तिथे साबण लावायचा नाही. आंघोळीचं पाणी वरून गेलं की झालं. स्पिरिट, डेटॉलचं पाणी, अत्तर, काहीही नको.

मधल्या महिन्यांपासून पिवळसर चिकट थेंब दिसू शकतात. तो चीक. दिसला नाही तरी दूध कमी येईल असं नाही. सुकून खपली धरली तर ओल्या मऊ कापडाने भिजवून काढा, नखाने नाही.

बोंड आत ओढलेलं असेल तर सासूबाई, मावशी, यूट्यूब, सगळेच ओढायचे व्यायाम सांगतात. १९९० च्या दशकात ब्रिटन आणि कॅनडात गरोदर बायकांवर याची पद्धतशीर चाचणी झाली. व्यायामाने किंवा ब्रामध्ये घालायच्या वाट्यांनी पाजण्यात काही फायदा दिसला नाही. बाळ बोंड ओढत नाही, बोंडासकट काळ्या भागाचा मोठा घास घेतं. तेव्हा आत्तापासून घोर लावून घेऊ नका. बाळंत व्हाल तिथल्या सिस्टरला आधी सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या तासात ती शेजारी बसेल.

ब्रा सुती, तारेविना, पट्ट्याखाली दोन बोटं जातील अशी. पाजायच्या ब्रा आठव्या-नवव्या महिन्यात घ्या, त्याआधी घेतलेल्या घट्ट होतात.

आणि गाठ. गरोदरपणात छाती अशीच गाठाळ लागते म्हणून सगळं त्यावर ढकलू नका. एकाच जागी राहणारी, दोन आठवड्यांत न विरलेली गाठ दाखवाच. सोनोग्राफी या काळात निर्धोक आहे.

घास नीट, तर कातडी नीट

चिरा का पडतात, याचं उत्तर नव्वद टक्के घरांत "कातडी नाजूक आहे" असं मिळतं. मग मलमं सुरू होतात. खरं कारण बहुतेक वेळा एकच: बाळाच्या तोंडात नुसतं बोंड आहे. ते जिभेच्या आणि टाळूच्या कडक भागामध्ये चेंगरतं. घास खोल गेला की बोंड मागच्या मऊ टाळूपाशी पोचतं, तिथे चेंगरायला काही नाही. म्हणून छातीच्या काळजीतला सगळ्यात मोठा भाग कुठल्याच डबीत मिळत नाही.

पाठ टेकून बसा. ओणवून छाती बाळाकडे नेऊ नका, बाळाला छातीकडे आणा. मांडीवर उशी किंवा घडी घातलेली गोधडी. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत; मान वळवून तुम्हीसुद्धा पाणी गिळून बघा, कळेल. बाळाचं नाक बोंडासमोर यायला हवं, तोंड नाही. इथे बहुतेकजणी चुकतात. नाक समोर असलं की बाळ मान किंचित मागे टाकतं आणि जांभई देताना उघडतं तसं तोंड मोठं उघडतं. वरच्या ओठाला बोंड हलकेच लावत राहा, थांबा. तोंड पूर्ण उघडलं की त्या क्षणी बाळाच्या पाठीला आधार देऊन जवळ घ्या. डोक्यामागे हात दाबू नका, बाळ मागे रेटतं.

नीट लागलं का? हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर मुडपलेला, गाल फुगलेले. काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. पहिल्या काही ओढींना ओढल्यासारखं दुखलं तर चालेल. अर्ध्या मिनिटानंतरही सुरी फिरल्यासारखं दुखत असेल तर घास चुकलाय. तसंच सहन करत बसायचं नाही. करंगळी धुऊन बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये घाला, पकड सुटेल, मग काढा. दहा वेळा करावं लागलं तरी करा. नुसतं ओढून काढाल तर तिथेच चीर पडते.

सुटल्यावर बोंडाकडे बघायची सवय लावा. गोल असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकसारखं तिरपं, चपटं, पांढरी रेघ उमटलेलं असेल तर पुढच्या वेळी घास आणखी खोल हवा. टाके असतील, बसवत नसेल, तर कुशीवर झोपून पाजा. सिझेरियन झालेल्यांना बाळ काखेखाली घेऊन पाजणं सोपं जातं, पोटावर भार येत नाही. सगळं करूनही दुखतंच, बाळ चटचट आवाज करतं, वजन वाढत नाही, तर जिभेखालचा पडदा आखूड आहे का ते बालरोगतज्ज्ञांना बघायला सांगा.

चीर पडलीच तर

पाजून झालं की दुधाचे दोन थेंब काढून बोंडावर पसरायचे आणि पाच मिनिटं वाऱ्यावर सुकू द्यायचं. दुखऱ्या बोंडांवरच्या उपायांचे अभ्यास २०१४ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा नुसतं स्वतःचं दूध लावणं किंवा काहीच न लावणं हे महागड्या मलमाइतकंच चालतं असं दिसलं. आणि काहीही केलं तरी बहुतेकींचं दुखणं सात ते दहा दिवसांत हलकं झालं. म्हणजे या आठवड्यात ज्याने त्याने आपल्या उपायाला श्रेय घेतलं तर नवल नाही.

कापड घासून त्रास होत असेल तर तुरीच्या डाळीएवढं घरचं साजूक तूप, धुतलेल्या बोटाने. वॉर्डात त्याने बिघडलेलं मी पाहिलं नाही. शुद्ध केलेलं लॅनोलिन मिळतं, तेही चालेल, पुसावं लागत नाही. कमी दुखणाऱ्या बाजूने आधी पाजा. अगदीच सोसत नसेल तर एक-दोन वेळ त्या बाजूचं हाताने काढून वाटी-चमच्याने द्या, म्हणजे दूधही दाटणार नाही.

आता मध. जखम भरते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लावलाय, आणि मोठ्या माणसाच्या भाजलेल्या हाताला ते खरंही असेल. पण मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि त्यांच्या विषाने बाळ लुळं पडतं. म्हणून बोंडाला मध नाही, घुटीत नाही, बारशाला चाटवायलाही नाही. मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत.

कापूर, व्हेपोरब, पुदिन्याचं तेल हेही तसंच. दूध आटवायला छातीवर कापराचं तेल बांधायची रीत आहे; कापूर कातडीतून आणि तोंडातून बाळात गेला तर झटके येऊ शकतात. हळदीचा लेप चिरेवर भाजतो आणि बाळाच्या तोंडात जातो. टूथपेस्ट लावणारीही एक भेटली होती. तिला काय म्हणावं ते अजून सुचलेलं नाही.

तीन निराळ्या गोष्टी ओळखायला शिका. चीर नाही, पण पाजून झाल्यावर आत आग होते, बोंड चकचकीत गुलाबी, बाळाच्या जिभेवर न निघणारा दह्यासारखा थर, तर बुरशी असू शकते. औषध दोघांनाही एकदम लागतं. पाजल्यावर बोंड पांढरंफटक पडून ठणकतं, विशेषतः पौषातल्या थंडीत, तर रक्तवाहिन्या आकसतायत. लगेच गरम कोरडं कापड दाबून धरा, उघडं ठेवू नका. आणि बोंडावर दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला तर सुई लावू नका.

दूध दाटलं, गाठ आली, ताप आला

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी होते. त्यात दुधाइतकीच सूजही असते, हे कळलं की पुढचं सोपं. आमच्या काळी गरम शेक, तेल लावून दाबून मालिश, आणि "पार रिकामं कर" असं चालायचं. मालिशवाल्या बाया तर कणीक तिंबावी तशा छाती तिंबत. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेने २०२२ साली सूज आणि गाठींविषयीच्या सूचना बदलल्या, आणि त्या वाचताना मला माझेच जुने हात आठवले. जोरात चोळल्याने आतले ऊतक दुखावतात, सूज वाढते. रिकामं करत राहिलं तर शरीराला वाटतं बाळ जास्त पितंय, आणि दूध आणखी येतं.

तेव्हा असं करा. दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा, बाळ मागेल तसं पाजा. काळा भाग इतका ताठ झाला असेल की बाळाला धरता येत नाही, तर पाजण्याआधी बोंडाभोवती बोटांची टोकं ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर हलकं दाबून धरा. सूज मागे सरते आणि घास मऊ होतो. दूध सुटायला हवं तर दोन मिनिटं कोमट कापड, जास्त नाही. पाजून झालं की थंड: बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं. फ्रिजमधली धुतलेली कोबीची पानं ब्रामध्ये ठेवल्यानेही ठणका कमी होतो, आणि इंदूरच्या मंडईत ती स्वस्त आहेत. हात फिरवायचाच तर मांजरीला कुरवाळावं इतका हलका, बोंडाकडून काखेकडे. फारच जड वाटलं तर हाताने आराम पडेल एवढंच काढा: अंगठा आणि बोटं बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे. बोटं कातडीवर घसरवू नका.

एका जागी लाल, गरम, दुखरी चकती, अंगात कणकण, ताप १०१ च्या वर. ही छातीची सूज. त्या बाजूचं दूध बाळाला चालतं, पाजणं बंद करू नका. थंड शेक, विश्रांती आणि डॉक्टरांनी सांगितलेली तापाची गोळी. चोवीस तासांत उतार नाही, किंवा सुरुवातीपासूनच फार आजारी वाटतंय, तर अँटिबायोटिक लागू शकतं. आत पाणी हलल्यासारखी मऊ गाठ लागली तर गळू झालंय. त्यावर जवसाचं पोटीस बांधून फुटायची वाट पाहायची नाही.

घाम, मालिश, रंग

वैशाखात छातीच्या खाली घाम साचून कातडी लाल होते, सोलते. दिवसातून दोनदा धुऊन, टिपून, मलमलचा तुकडा मध्ये ठेवा. टाल्कम पावडर नको, ती उडून बाळाच्या छातीत जाते. दूध पाझरत असेल तर जुन्या धोतराच्या चौघड्या सगळ्यात छान. ओल्या झाल्या की बदला, प्लॅस्टिकच्या अस्तराचे पॅड टाळा.

मालिशवाली येणार असेल तर तिला आधीच सांगा, पाठ, पाय, खांदे तुमचे. छाती नाही, आणि सिझेरियनचे टाके भरेपर्यंत पोट नाही. पाजण्याआधी छातीवरचं तेल धुवा. शेगडी घ्यायची असेल तर खिडकी उघडी ठेवून, बाळ दुसऱ्या खोलीत. बंद खोलीतल्या कोळशाचा धूर दोघांनाही बाधतो. बाळाच्या डोळ्यांत काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. तीट हवी तर तळपायाला लावा.

आणि आपली रंगपंचमी. राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंग उडतो, घरात बसवत नाही हे मला कळतं. गच्चीतून बघा. रंगलेल्या नणंदेने येऊन मिठी मारली तर पदर बदला, छाती साध्या पाण्याने धुवा, मगच बाळाला घ्या.

शेजारच्या मुलीचं बाळ आता तीन महिन्यांचं आहे. पहिल्या आठवड्यात एका बाजूला चीर पडली होती, बाळाचं नाक बोंडासमोर आणायचं जमल्यावर भरली. आजेसासूबाई बघायला आल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न मधाचाच विचारला. बाटली माझ्या कपाटात आहे. मुलीने तिच्यावर कागद चिकटवून बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची तारीख लिहून ठेवली आहे.